विजया घरात ठेवली तर?

आमचे शेजारी तात्या पायी चालतानाही लाल सिग्नलला थांबतात. रस्ता रिकामा असला तरी हे पिशवी धरून पट्ट्यांच्या अलीकडे उभे. "तात्या, सिग्नल गाड्यांना असतो," असं मी एकदा म्हटलं. "तसं लिव्हलंय का कुठं?" म्हणाले. "नियमात बसत नसलं तर उगं कशाला?"

नियमात बसणं हा तात्यांचा जुना आजार. मूळचे पाचोडचे, नोकरी एस.टी.त तिकीट तपासनीसाची. निवृत्त होऊन सिडकोत आमच्या शेजारी आले, पण तपासणी काही सुटली नाही. भाजीवालीनं वर चार काड्या कोथिंबीर टाकली तरी विचारतात, "ही कशात धरली?" ती बिचारी कोथिंबीर परत काढून घेते.

एक नियम मात्र त्यांचा स्वतःचा. बायकोचं नाव तोंडातून काढायचं नाही. काकूंना हाक मारायची तर "ऐकलं का", आणि लोकांत बोलायचं तर "आमच्या घरात". साठीच्या समारंभाला बायकांनी "नाव घ्या, नाव घ्या" म्हणून गळ घातली, तर म्हणाले, "समोर तर बसलीय. नावाचं काय काम?" सगळ्या हसल्या. काकूही हसल्या, पण खाली बघून.

अलीकडे काकूंना गुडघ्यांनी अगदी जेरीला आणलं होतं. भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत जायच्या, तेवढंच. पुण्याहून मुलानं कुरियरनं तेलाची बाटली पाठवली आणि फोनवर सांगितलं, "सीबीडीचं तेल आहे. भांगेच्या झाडाचं, पण नशा येत नाही." तात्यांनी घाईनं फोन ठेवला. मग बाटली टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे आले.

"पोरी, ही सीबीडी म्हंजी सिडकोचंच काय खातं हाय का?"

मी फोनवर शोधलं. पानं चालतात, फुलं चालत नाहीत. केंद्राचं एक, राज्याचं आणखी एक. कुठं परवाना लागतो, कुठं डॉक्टरची चिठ्ठी. वाचून झालं तेव्हा आधी जेवढं कळत होतं तेवढंही कळेना. त्यात बाटलीवर भांगेचं आयुर्वेदातलं नाव मोठ्या अक्षरांत छापलेलं: विजया.

आणि आमच्या काकूंचं नाव विजया.

"साक्षीदार म्हणून चल," असं म्हणत तात्या माझ्या स्कूटीवर मागं बसले. शहागंजात एक जुने अत्तार आहेत, जडीबुटी विकतात. तात्यांनी नावावर अंगठा ठेवून बाटली पुढं केली. "हे नियमात बसतं का?"

"चष्मा घर पे रह गया, चचा. नाम बोलो ना."

तात्यांचे कान लाल झाले. त्यांनी मागं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि घशातल्या घशात म्हणाले, "विजया."

"अच्छा, विजया! पत्ती की है तो दवा, फूल की है तो जेल. कायकी है, हमना नक्को पूछो."

गुलमंडीतला औषधवाला म्हणाला, "आम्ही असलं ठेवत नाही बुवा." तिथं तात्यांनी नाव जरा मोठ्यानं घेतलं होतं. पोलीस चौकीत तर आवाज चांगलाच मोकळा झाला.

"साहेब, विजया घरात ठेवली तर गुन्हा होतो का?"

हवालदारानं पेन खाली ठेवलं. "लग्नाची हाय का?"

"व्हय... नाय, म्हंजी कुरियरनं आलीय."

हवालदार खुर्चीतून उठला. मग बाटली दाखवून, मुलाचं नाव सांगून, मी हात जोडून सुटका करून घेतली. "साहेबांना विचारून सांगतो," एवढंच त्यानं सांगितलं. ते अजून सांगितलेलं नाही.

आम्ही परत निघालो. घराजवळच्या सिग्नलला मी थांबले तेव्हा मागून म्हणाले, "टाकलं आत तर टाकू दे. तिचं दुखणं आता बघवत नाय." आयुष्यभर लोकांची तिकिटं तपासलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून मी मागं वळून बघितलं. दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या वैद्यांकडून चिठ्ठी आणून दिली. पानांचंच तेल आहे, वरून चोळायला हरकत नाही, असं ते म्हणाले. तात्यांना ते पुरतं पटलं नाही. चिठ्ठी खिशात ठेवून ते रोज स्वतः काकूंच्या गुडघ्यांना तेल चोळू लागले, दार लावून.

काकूंनी मात्र मला बाजूला घेऊन सगळं पुन्हा सांगायला लावलं. "चौकीत काय म्हणाले? कसं म्हणाले?" मी नक्कल केली. पदर तोंडाला लावून त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "गुडघ्याला लई फरक नाय बघ. यांना सांगू नको."

परवा सकाळी शेजारून तात्यांचा आवाज आला. तेल संपलं होतं आणि ते कंपनीला फोन लावून ओरडत होते. पलीकडचा बहुतेक दुसरं काहीतरी गळ्यात मारू बघत होता.

"नाय, नाय. दुसरी नाय चालायची. मला विजयाच पाहिजे. विजया!"

आत मिक्सर चालू होता. काकूंनी तो बंद केला.