बळीनानाची हूल

"बस बे, सायबा."

पाहणीला आलेल्या साहेबांना आमच्या बळीनानानं असं म्हटलं, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या तलाठ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. साहेब मात्र हसले आणि मुकाट बाजेवर बसले. नानाचं हे असंच. मारुतीच्या देवळापुढून शेळ्या नेताना आत डोकावून तो देवालाही विचारायचा, "काय बे, बरं हाय का?"

मी शाळामास्तर. बदली होऊन घाटनांदूरला आलो, त्या पहिल्याच दिवशी "कुठला बे तू?" या शब्दांत माझं स्वागत झालं. शिक्षक आहे असं ऐटीत सांगितलं, तर म्हणाला, "मंग उभा कावून? बस की बे गुर्जी." त्या दिवशी मला असा राग आला होता म्हणता! घरी जाऊन बायकोला म्हणालो, या गावात आपलं जमायचं नाही. पुढं तीस वर्षं जमलं, ते याच माणसामुळं.

गिरणीमागच्या चिंचेखाली दुपारी आमची तीन पत्ती चालायची. मी, गिरणीवाला शेषराव, मुंजा टेलर आणि नाना. डाव चिंचोक्यांवर. तीन पत्ती म्हणजे काय, हातात भारी पत्ते असले तर कोणीही जिंकेल. खरी मजा फालतू पत्त्यांवर समोरच्याला घाबरवून उठवण्यात. नाना याला 'हूल देणं' म्हणायचा, आणि या विद्येतला आपण मोठा पंडित आहोत असं त्याचं ठाम मत होतं.

"हे बघ बे," तो सांगायचा, "लांडग्याम्होरं शेळी पळाली की मेली. पाय रोवून उभी ऱ्हायली तर लांडगं इचारात पडतंय, हिच्याजवळ काय हाय? हातात दुर्री असली तरी एक्क्याच्या बापावानी बसायचं. श्वास नाकानं घ्यायचा. अन् चिंचोकं मोजायचं न्हाई, मुठीनं टाकायचं."

ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस तालुका जिंकून आलाय. प्रत्यक्षात नानाची एकही हूल कधी पचली नाही. एकसुद्धा! कारण अगदी साधं होतं. साऱ्या जगाला अरे-तुरे करणारा हा गडी खोटं बोलायला लागला की एकदम अदबीत यायचा.

"तुमी बघा बुवा, शेषराव. तुमाला परवडत असंल तर खेळा."

हे 'तुमी' कानावर आलं की शेषराव पत्तेही न बघता चाल वाढवायचा. शो मागितला की नानाच्या हातातून निघायची दुर्री, पंजा, सत्ती. नाना कपाळाला हात लावायचा. "कसं कळतंय बे तुमाला? नाकानं तर श्वास घेतलता!" आम्ही पोट धरधरून हसायचो, पण कारण कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खेळातला जीवच गेला असता. ज्या गावात कोणाच्या घरी काय भाजी शिजली हे दुसऱ्या आळीला आधी कळतं, तिथं एवढं एक गुपित टिकलं.

एकदा मतं मागायला एक पुढारी आले. नाना हात जोडून म्हणाला, "तुमी बिनघोर जावा. माझं बटन तुमचंच." पुढारी खूश होऊन गेले. गाडी वळली मात्र, शेषराव म्हणाला, "गेलं ह्याचं मत." आता गावातली पोरं मोबाइलवर पत्ते खेळतात. नानाला ते बिलकूल पटलं नाही. "तोंडच न्हाई त्याला, हूल कुनाला द्यावी बे?"

नानाला मूलबाळ नव्हतं. घरात तो आणि सरूकाकू. काकूंना 'बे' नव्हतं, पण "सरे, भाकर टाक गं," यापलीकडं लाडही नव्हते. दोघांचं दिवसभर भांडण चालायचं. एकाला ताप आला की दुसरा जेवायचा नाही.

मागच्या वर्षी काकूंच्या पोटात गाठ निघाली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात मी सोबत होतो. डॉक्टरांनी नानाला आणि मला बाहेर बोलावून समजावलं, फार उशीर झालाय, दोन महिने म्हणजे खूप. नानानं नळावर तोंड धुतलं, पटका नीट केला आणि आत गेला.

"काय म्हनले डाक्टर?" काकूंनी विचारलं.

"कुठं काय! साधी गाठ हाय. तुमी काळजी करू नगा. दिवाळीला तुमी घरीच असता."

काकू त्याच्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं बाई. मला उगंच भ्याव वाटायलतं. चहा आना बरं वाईच."

नाना लगबगीनं चहाला गेला. काकू माझ्याकडं वळल्या. "गुर्जी, लग्न झाल्यापून ह्या मानसानं आज पहिल्यांदा मला अहो-जाहो केलं. तुमी चिंचंखाली कशाला हसता, ते मला ठाव न्हाई व्हय?" डोळ्यांना पदर लावून त्या म्हणाल्या, "त्यास्नी सांगू नगा. मला कळलं न्हाई असं वाटलं, तर दोन घास तरी खातील."

दीड महिन्यात काकू गेल्या. त्या दीड महिन्यात नवरा-बायको दिवाळीच्या गप्पा मारायचे, आणि मला तिथं बसवत नसे.

तेरावं झाल्यावर नाना चिंचेखाली आला. शेषरावानं पत्ते वाटले, नानानं उचलले नाहीत.

"अबे गुर्जी," तो म्हणाला, "खरं सांग. सरीला कळलतं का?"

उभा जन्म मी पोरांना शिकवलं, खोटं बोलू नये. बोलायची वेळ आली की माझी जीभ अडखळते, हे बायकोलाही माहीत आहे. पण त्या दिवशी मी नानाच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "न्हाई नाना. शेवटपर्यंत न्हाई. मला म्हणत होत्या, औंदा अनारसे जास्तीचे करते, ह्यांना लई आवडतात."

नानानं माझ्या तोंडाकडं खूप वेळ पाहिलं.

"म्हंजे एक तरी हूल पचली बे आपली," तो म्हणाला, आणि लेकरासारखा रडायला लागला.

मी त्याचा हात धरला. "पचली नाना," मी म्हणालो. "झकास पचली."