फूटपट्टींची पायवाट

निरोपाचा कार्यक्रम सभागृहात न करता डोंगरावर करायचा, असं मॅडमनी जाहीर केलं तेव्हा नकाशा कचेरीतले सगळे टाळ्या वाजवत होते. ज्यांना निरोप द्यायचा ते फूटपट्टी तेवढे आ वासून बघत होते.

"डोंगरावर?"

"तुम्ही नकाशात काढलेल्या डोंगरावर, काका!" मॅडम म्हणाल्या. "उत्तरेकडचा तो शांत डोंगर. फार उंच नाही, गर्दी नाही. आणि जायचं तुमच्याच पायवाटेनं. काल नकाशात पाहिली मी. काय सुरेख वळणं घेतलीत!"

फूटपट्टींच्या पायाखालची जमीन सरकली.

फूटपट्टी हे नाव त्यांना कचेरीनं ठेवलेलं. चाळीस वर्षं नकाशे काढले, पण एक रेघ कधी वाकडी गेली नाही. कुणी 'जरा थांबा' म्हटलं तर हे 'किती मिनिटं?' असं विचारणार. अशा माणसाच्या आयुष्यात पाप असं एकच घडलं होतं, आणि निवृत्तीला पंधरा दिवस उरले असताना मॅडमनी बोट ठेवलं ते नेमकं त्याच्यावर.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मोजणीदाराच्या वहीतली पायवाटांची पानं सापडत नव्हती, नकाशा दुसऱ्या दिवशी छापखान्यात जायचा होता आणि तेव्हाचे साहेब डोक्यावर उभे होते.

"एवढा मोठा डोंगर आणि एक वाट नाही? माणसं काय उडत जातात?"

"साहेब, नोंद नाही."

"नोंद नाही म्हणजे वाट नाही असं थोडंच आहे? बघा काहीतरी!"

फूटपट्टींनी इकडेतिकडे पाहिलं, पेन उचललं आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत एक तुटक रेघ ओढली. खरी वाटावी म्हणून तिला दोन वळणं दिली. तिसरं वळण शिंक आल्यामुळे आपोआप पडलं. पुढच्या आवृत्तीत रेघ काढून टाकू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. ती पुढची आवृत्ती आजतागायत निघाली नव्हती.

"मॅडम, माझे गुडघे..." फूटपट्टींनी सुरुवात केली.

"घडीची खुर्ची घ्या लिहून," मॅडम म्हणाल्या. आवक-जावकच्या ताईंनी लिहून घेतलं.

"डोंगरावर मधमाश्या असतात म्हणे."

"डॉक्टर घ्या लिहून."

"आपलं सभागृह काय वाईट आहे? पंखे आहेत, दारं आहेत..."

"किती हो साधे तुम्ही, काका!" ताईंना भरून आलं. त्यांनी फूटपट्टींच्या घरच्यांनाही यादीत घातलं.

फूटपट्टींनी जेवढी कारणं काढली तेवढी यादी वाढली. संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस माणसं झाली, वरून मोठे संचालक यायचे ठरले. कुणी फोनवर रस्ता बघायचा नाही, प्रत्येकाच्या हातात फूटपट्टींचा नकाशा द्यायचा आणि निव्वळ त्याच्या भरवशावर चढायचं, ही कल्पना खुद्द संचालकांची. पहिल्या वळणावर फोटो, दुसऱ्यावर खाणं आणि तिसऱ्यावर संचालकांचं भाषण.

तिसऱ्या वळणाचं नाव ऐकताच फूटपट्टींच्या तोंडचं पाणी पळालं. वाट खोटी असली तरी नकाशातल्या उंचीच्या रेषा खऱ्या होत्या, आणि त्या वळणापाशी त्या अगदी दाटीवाटीनं आल्या होत्या. तिथं सरळसोट कडा होता. आपल्या एका शिंकेपायी संचालक भाषण करता करता खाली जाणार, हे त्यांना डोळ्यांपुढे दिसू लागलं.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला सदरा तसाच राहिला.

"खोटी वाट? तुम्ही?"

"अगं, हळू बोल."

"अहो, दूध पाच मिनिटं उशिरा तापलं तर माझ्याकडे खुलासा मागता तुम्ही! आणि स्वतः बावीस वर्षं..." ती धपकन खुर्चीत बसली. "उद्या जाऊन सांगून टाका मॅडमना."

"आणि चाळीस वर्षांच्या नावाचं काय? जाताना लबाड म्हणून जाऊ?"

तिनं हातातला सदरा घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "रविवारी आपण दोघं जाऊन बघून येऊ. माणसं पडण्यासारखी जागा असली तर मात्र सांगायचं. मग नाव जाऊ दे नाहीतर राहू दे."

रविवारी सकाळी दोघं बसनं पायथ्याशी उतरली. फूटपट्टींनी नकाशा उघडला, वर पाहिलं आणि मटकन खालीच बसले.

समोर वाट होती!

चांगली मळलेली, दोन माणसं शेजारून चालतील एवढी. बायकोनं एकदा वाटेकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. "हे काय हो?"

फूटपट्टींनी नकाशा उलटा करून पाहिला. दोघं चढू लागली. पहिलं वळण आलं. दुसरंही आलं. कड्यापाशी तिसरं आलं आणि तिथं कुणीतरी आधारासाठी तारसुद्धा बांधून ठेवली होती. शेजारी एक म्हातारी शेळ्या चारत होती.

"आजी, ही वाट किती जुनी?" फूटपट्टींनी घसा साफ करून विचारलं.

"झाली की वीसेक वर्षं. आधी इथं निस्ते काटे होते. मग लोक कागद घेऊन यायला लागले. 'कागदात वाट आहे' म्हणायचे आणि घुसायचे. आम्ही सांगायचो, बाबांनो, नाही वाट इथं. तर आम्हालाच वेड्यात काढायचे! जाऊन जाऊन पडली शेवटी."

"आणि इथं वळतात का सगळे?"

"कागदात तसं आहे म्हणे. आता तर माझ्या शेळ्यापण वळतात."

खाली येईपर्यंत बायको हसत होती. फूटपट्टी मात्र बावीस वर्षांनी मोकळा श्वास घेत होते. सोमवारी ते छाती काढून कचेरीत शिरले, तर मॅडमनी लगेच आत बोलावलं. चेहरा गंभीर.

"काका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

फूटपट्टींनी आधी दार लावून घेतलं.

"कार्यक्रमाआधी खात्री म्हणून मी आपल्या मोजणीदाराला पाठवलं होतं. वाट नकाशात दाखवलीय त्याच्या तीस मीटर डावीकडे आहे. तीस मीटर! एवढा निष्काळजीपणा?"

नसलेली वाट काढली तेव्हा शाबासकी मिळाली होती. आता ती असताना ताशेरे! फूटपट्टींना मनापासून राग आला. चूक नकाशाची नव्हतीच, लोक चुकीचे चालले होते.

"मॅडम, वाट सरकली असेल."

"वाटा सरकत नाहीत, काका. हात सरकतो."

आपला हात सरकला नव्हता, हे सिद्ध करायला एकच मार्ग होता, आणि तो म्हणजे सगळं खरं सांगणं. निष्काळजी ठरायचं की लबाड, एवढंच त्यांच्या हातात होतं. त्यांनी जड मनानं कागद ओढला, 'नजरचूक झाली, क्षमस्व' असं लिहिलं आणि खाली सही केली. मग टेबलाशी जाऊन, नोकरीत पहिल्यांदाच, स्वतःची रेघ ब्लेडनं खरवडली आणि तीस मीटर डावीकडे नवी काढली.

ठरल्या दिवशी त्रेचाळीस माणसं सुखरूप माथ्यावर पोचली. तिसऱ्या वळणावर संचालक चांगला अर्धा तास बोलले आणि पडले नाहीत. वर मॅडम भाषणाला उभ्या राहिल्या.

"चाळीस वर्षांत काकांची चूक एकच झाली. पण मी दाखवताक्षणी त्यांनी ती एका ओळीत लेखी कबूल केली. त्या कागदावर सबबीचा एक शब्द नाही! इतका खरा माणूस मी पाहिला नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. संचालक उठून उभे राहिले. ताईंनी डोळे पुसले. फूटपट्टींच्या बायकोला मात्र जोराचा ठसका लागला.

"काकू, पाणी देऊ का?"

तिनं हातानंच नको म्हटलं.

"आता काकांनी," मॅडम म्हणाल्या, "प्रामाणिकपणा या विषयावर दोन शब्द बोलावेत."

फूटपट्टी खुर्चीचा आधार घेत उठले. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले होते. तेवढ्यात पदर तोंडावर धरून बायको हळूच म्हणाली, "अहो, दोनच बोला हं."