खोक्यातला कापूस

त्या सकाळी दादाने स्पीकरमध्ये कापूस भरला, मागची फळी लावली आणि स्क्रू पिळता पिळता तो गेला.

बातमी कळताच समोरच्या घरातून शेषरावभाऊ आले. दार सताड उघडं होतं, घर माणसांनी भरलं होतं, तरी आत येण्याआधी त्यांनी बोटाच्या पेराने चौकट ठोकून पाहिली. त्याही दिवशी.

शेषरावभाऊ जगातली प्रत्येक वस्तू ठोकून पाहतात. टरबूज आणि माठ सगळेच ठोकतात; भाऊ बँकेचं काउंटर आणि डॉक्टरचं टेबलही सोडत नाहीत. मग क्षणभर कान देऊन निकाल सांगतात, "बोलून राहिलं," नाहीतर "नाई बोलत." मुलीसाठी बाळापूरचं स्थळ पाहायला गेले तेव्हा आधी त्या घराचं दार ठोकलं. परत येऊन म्हणाले, "दार पोकळ हाये, मानसं कशी असतीन?" पोरगी म्हणाली, "बाबा, मी दाराशी लगन करून नाई राहिली." लग्न झालं. पोरगी सुखात आहे. सासरचं दार मात्र, भाऊंच्या मते, अजूनही बोलत नाही.

दादा आणि ते शाळेपासूनचे मित्र. दोघांनी मिळून अकोल्याच्या एका डॉक्टरांच्या अडगळीतून जुन्या स्पीकरची जोडी आणली होती. आतले कागदी पडदे उंदरांनी कुरतडलेले, जाळीचं कापड फाटलेलं. भाऊंनी खोकं ठोकलं, डोळे मिटले, ते बराच वेळ उघडलेच नाहीत. डॉक्टरीणबाई घाबरून पाणी घेऊन आल्या.

"सागवान हाये," भाऊ डोळे न उघडताच म्हणाले. "बोलून राहिलं."

एका घरात बसले तर दोघं भांडतील, म्हणून अमरावतीला घरी आल्यावर एकेक स्पीकर वाटून घेतला. मग ते रस्त्याच्या दोन बाजूंनी भांडले. पडदे सांधून झाले, खोक्यांना पॉलिश झालं, आणि भांडण येऊन थांबलं ते भरावावर. आवाज आत घुमू नये म्हणून खोक्यात काहीतरी मऊ भरावं लागतं. भाऊंनी घोंगडीचे तुकडे बेताने लावले. दादाने वलगावच्या आमच्या वावरातला कापूस आणला.

"अबे वसंता, स्पीकर हाये का गादी?"

"वऱ्हाडात राहून घोंगडी भरू का बे? तू तुह्यं पाह्य."

तेरवी झाल्यावर भाऊ आपला स्पीकर शालीत गुंडाळून, लेकरासारखा छातीशी धरून घेऊन आले. दोन्ही जोडले, रेडिओ लावला. भाऊंच्या स्पीकरमधून बातम्या देणारी बाई अशी बोलली की मी वळून पाहिलं. तिने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. दादाच्या स्पीकरमधून तीच बाई रजईत तोंड खुपसून बोलत होती.

भाऊंनी दादाचं खोकं ठोकलं. "नाई बोलत." खिशातून पेचकस काढला. "अर्धा कापूस काढून टाकतो, सर. पाच मिनिटाचं काम."

"भाऊ, ते उघडू नका."

"जोडी हाये हे. एक एका तऱ्हेचा, एक दुसऱ्या तऱ्हेचा, असं कसं चालीन?"

"तो कापूस दादाने भरलाय," मी म्हणालो. "शेवटचं त्याने तेवढंच केलं."

भाऊंनी पेचकस खिशात ठेवला, आपला स्पीकर उचलला आणि निघून गेले. मला वाटलं, रागावले. पण नंतर ते दिवसातून केव्हाही, पायात चप्पल न घालता यायचे, दादाचं खोकं ठोकायचे आणि निकाल न सांगता तसेच घाईने परत जायचे. मग समोरच्या घरातून ठोकण्याचा आवाज यायचा.

एका दुपारी ते पुन्हा स्पीकर घेऊन आले. मिशांत आणि भुवयांत कापूस अडकलेला. जोडला, रेडिओ लावला. बाई आता दोन्हीकडून सारखीच रजईतून बोलत होती.

"भाऊ, तुम्ही चांगला स्पीकर बिघडवला?"

"बिघडवाले भल्ली मेहनत लागली, सर. कापूस वलगावचाच आणला, तरी जमेना. मी सुटा सुटा करून भरतो, वसंता बोळे कोंबे. मंग मीबी कोंबले, त्याच्यावानी, घाईघाईनं. तेव्हा कुठं जमलं."

मी दोन्ही खोकी ठोकून पाहिली. काडीचा फरक नव्हता. बंद फळीच्या आत दादाचा हात कसा चालला असेल, ते या माणसाने बाहेरून, नुसत्या कानाने ओळखलं होतं, आणि आपला हात तसा चालवला होता. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली. याच्या तोडीचं काही आठवेना.

भाऊ शालीची घडी करत होते. घडी नीट जमेना, म्हणून त्यांनी ती उलगडून पुन्हा सुरू केली.

"आता समोर भांडाले कोनी नाई, सर," ते म्हणाले.

स्पीकर आमच्या बैठकीत आहेत. संध्याकाळी भाऊ येतात, आम्ही बातम्या ऐकतो. आवाज दबका येतो.