स्कॅन केलं का?

आमच्याकडे माणसं भेटली की एकमेकांना "जेवण झालं का?" विचारतात. देवरे काका विचारायचे, "स्कॅन केलं का?" म्हणजे कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय का ते तपासलं का. सकाळी दुधाची पिशवी घेऊन परतताना, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर अमरधाममध्ये, अग्नी दिल्यावर सगळे हात जोडून उभे असताना, माझ्या कानाशी लागून. मी दरवेळी "हो" म्हणायचो आणि त्यांचा कधीच विश्वास बसायचा नाही.

गंगापूर रोडला माझं डीटीपीचं दुकान होतं. एक गाळा, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मोसमात लग्नपत्रिकांची गर्दी. काका मागच्याच सोसायटीत राहायचे. आयटीआयमधून निवृत्त झालेले, मूळचे सटाण्याकडचे. शहरात राहून बोली पुस्तकी झाली होती, पण डोकं तापलं की वाक्यात "आहे"च्या जागी अहिराणी "शे" यायचं, आणि विंडोजचं नाव काढलं की डोकं तापायचंच. एका मासिकासोबत त्यांना विंडोजऐवजी कॉम्प्युटरवर चालवायच्या लिनक्सची सीडी फुकट मिळाली आणि लोक उतारवयात गळ्यात माळ घालतात तसे काका लिनक्सचे झाले.

माझं मशीन विंडोजवर चालायचं. त्याला ते धर्मशाळा म्हणत. "धर्मशाळा शे ही! कोणीबी यावं, झोपावं, जाताना भांडी घेऊन जावं!" मी सांगायचो, काका, माझे मराठी फॉन्ट तुमच्या लिनक्सवर चालत नाहीत. पत्रिकेतला "श्री" मोडतो. श्री मोडलेली पत्रिका कोणता वधूपिता घेईल? त्यावर ते शांतपणे म्हणत, "श्री मोडला तर लग्न मोडत नाही."

त्यांच्या घरचं मशीन मात्र सोवळ्यात. चपला बाहेर, हात धुऊन आत. बाहेरून आलेली फ्लॉपी आधी दोन दिवस लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, झाकण घट्ट लावून. दोन दिवस कशाला? "ताप तरी लगेच कुठे कळतो?" बरणीतल्या फ्लॉपीला ताप आलेला कसा ओळखायचा, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही.

ईमेलबाबत त्यांचा नियम एकच. "अनोळखी माणसाची फाइल उघडू नये. ओळखीच्याची तर मुळीच नको." कारण व्हायरस एखाद्याच्या मशीनमध्ये शिरला की तिथली पत्त्यांची यादी काढतो आणि यादीतल्या सगळ्यांना त्याच माणसाच्या नावाने मेल धाडतो. हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं होतं, की मामेबहिणीने पाठवलेले बारशाचे फोटो उघडतानाही मला घाम फुटायचा.

एवढ्यावर थांबलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण या भानगडीत काकांचा मुलगा दुरावला. काकू गेल्यानंतर घरात काका आणि प्रशांत, दोघंच. प्रशांतला पुण्याला नोकरी लागली, ती विंडोजसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कंपनीत. दुसऱ्या बापाने पेढे वाटले असते. काका म्हणाले, "शेवटी धर्मशाळेत चाकरी धरलीस!" शब्दाने शब्द वाढला. "पप्पा, तुम्हाला माझ्यापेक्षा ते मशीन जवळचं आहे," असं म्हणून पोरगा गेला तो दोन दिवाळ्या फिरकला नाही. फोनही नाही. काका त्याचं नाव काढत नसत. फक्त "स्कॅन केलं का?" पूर्वीपेक्षा जास्त वेळा विचारू लागले. मला त्यांची काळजी वाटायची आणि खरं सांगायचं तर रागही यायचा.

मग एका दुपारी काका दुकानात आले ते काही न विचारता. तिथेच मला धाकधूक वाटली. चेहरा उतरलेला, हातात फ्लॉपी. तीही थेट आणलेली, बरणीत न ठेवता.

"प्रशांतची मेल आलीय," ते म्हणाले. "फाइल जोडलीय. विंडोजची आहे, माझ्याकडे उघडत नाही."

"मेलमध्ये लिहिलंय काय?"

"इंग्रजीत एक ओळ. सोबतची फाइल पाहा."

"पप्पा वगैरे काही?"

"नाही. राग गेला नसेल अजून पुरता."

काकांनीच मला शिकवलेल्या सगळ्या खुणा या मेलमध्ये होत्या. मी म्हटलं, "काका, तुम्हीच सांगता ना, की ओळखीच्याची फाइल..."

"माहीत आहे मला."

"मग त्याला फोन करून विचारा ना, मेल तूच पाठवलीस का म्हणून."

"आणि नाही म्हणाला तर?"

मशीनवर पत्रिका तयार होत्या, संध्याकाळी गिऱ्हाईक यायचं होतं. मी मुकाट्याने सगळं काम दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवून घेतलं, मोडेममधून टेलिफोनची वायर उपसली आणि खुर्ची काकांना दिली. आधी स्कॅन करू म्हणावं असं वाटलं, पण माझ्याने म्हणवेना.

त्यांनी क्लिक केलं. पत्र नाही, फोटो नाही. हार्ड डिस्क नुसती गुरगुरत राहिली, मग पडदा गोठला. मशीन बंद करून पुन्हा लावलं तर ते अर्ध्यावर येऊन परत बंद पडू लागलं.

"व्हायरस," मी म्हणालो.

आता काका रडतील, या भीतीने मी उगाच प्रिंटरची धूळ पुसायला लागलो.

"म्हणजे त्याच्या मशीनमधून आला," ते हळूच म्हणाले.

"हो."

"त्याच्या यादीतल्या लोकांनाच गेला असेल."

"हो, काका."

"अरे, मग मना पत्ता अजून शे त्यानाजोडे!" ते ताडकन उठले. "दोन वर्षं झाली, पण पोराने बापाचं नाव खोडलं नाही!"

माझं मशीन मरून पडलं होतं आणि हा माणूस डोळे पुसत हसत होता. माझी परवानगीही न घेता त्यांनी वायर परत फोनला जोडली आणि कुठेही न बघता पुण्याचा नंबर फिरवला. पहिल्या खेपेला चुकला. दुसऱ्या खेपेला लागला.

"प्रशांत, पप्पा बोलतोय. तुझ्या मशीनला व्हायरस लागलाय. घाबरू नको. आधी नेटची वायर काढ, मग..."

पलीकडून प्रशांत काहीतरी बोलू लागला. बराच वेळ बोलत होता. काका रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ऐकत राहिले. आता विचारतील, स्कॅन केलं का, म्हणून मी वाट बघत होतो.

"ते राहू दे रे," काका म्हणाले. "जेवलास का?"