गुणवंतरावांचं फिलिपिनो भाषण

"पाच मिनिटांचं भाषण ना? ते मी चहा पिता पिता करीन," असं गुणवंतराव पारखी रोडेलला म्हणाले, ती गोष्ट १९९८ सालातली.

आखातात, मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये गुणवंतराव क्वालिटी इन्स्पेक्टर होते आणि रोडेल तिथला वेल्डिंग फोरमन. रोडेल मनिलाजवळचा, हे नागपूरचे. दुपारचा डबा दोघं एकत्र खायचे. बोलणं इंग्रजीतून, आणि जिथे इंग्रजी संपेल तिथे हातवाऱ्यांतून.

रोडेलची अडचण अशी होती. त्याची बायको लिगाया तिथल्या एका फिलिपिनो शाळेत फिलिपिनो भाषा शिकवायची. शाळेने सर्क्युलर काढलं की चौथीपासून पुढे फिलिपिनोचा तास आठवड्यातून एकच राहील, उरलेल्या तासांना कॉम्प्युटर. गुरुवारी संध्याकाळी पालकांची सभा होऊन हात वर करून निर्णय व्हायचा होता. बहुतेक पालक कॉम्प्युटरच्या बाजूचे. तास गेले की लिगायाची नोकरीही जाणार होती. पण तिला त्याहून जास्त लागलं होतं ते एका आईचं बोलणं. ही बाई नर्स होती. भर कॉरिडॉरमध्ये ती म्हणाली होती, "आमची मुलगी इथेच जन्मली. ती भाषा घेऊन ती करणार काय?"

"मी बोललो तर म्हणतील, बायकोची नोकरी वाचवतोय," रोडेल म्हणाला. "सर, तुम्ही बाहेरचे. तुमच्या लोकांची मुलं परदेशात राहूनही आपली भाषा बोलतात, असं तुम्हीच सांगत होता ना?"

गुणवंतरावांनी तसं सांगितलं होतं खरं. ते महाराष्ट्र मंडळाचे चिटणीस होते आणि डबा खाताना माणूस जरा सैल बोलतो. प्रत्यक्षात त्यांच्या नऊ वर्षांच्या मैथिलीला "जेवायला ये गं" म्हटलं की "टू मिनिट्स, बाबा" असं उत्तर यायचं. पण आता माघार घेणं म्हणजे डब्यातली भाजी परत कढईत टाकण्यासारखं होतं.

घरी येऊन त्यांनी विभावरीताईंना बातमी दिली. "सुरुवात मी त्यांच्याच भाषेत करणार आहे."

"अहो, इंग्रजीत बोला की सरळ. परक्या भाषेशी कशाला खेळ?"

"परकी कसली? रोडेलला विचारलं मी. शिक्षकाला ते गुरो म्हणतात, म्हणजे आपला गुरू. चेहऱ्याला मुखा. आशेला आसा. अर्धी भाषा आपलीच आहे, विभा. फक्त बोटीतून जाताना थोडी ओली झाली."

पुढचा आठवडाभर गुणवंतराव गाडी चालवताना, दाढी करताना, सुपरमार्केटच्या रांगेत एकच वाक्य घोकत होते, "मगांदांग गाबी पो सा इन्योंग लाहात." म्हणजे आपणां सर्वांना शुभ संध्याकाळ. गुरुवारपर्यंत ते इतकं पाठ झालं की सकाळी वॉचमन हमदुल्लाने सलाम केला, तर त्यालाही त्यांनी तेच ऐकवलं. हमदुल्ला पेशावरचा. त्याने विचारलं, "साब, तबियत ठीक है?"

सभेला पारखी कुटुंब नटून गेलं. शाळेच्या हॉलमध्ये दोनेकशे माणसं. पालकांच्या शेजारी मुलं. स्टेजवर मुख्याध्यापिका, पालक संघाचे दोन सभासद आणि कोपऱ्यात, हात मांडीवर घट्ट धरून बसलेली लिगाया.

गुणवंतराव उठले, कोट सारखा केला आणि ते वाक्य म्हणाले. एक अक्षर चुकलं नाही. हॉलमध्ये टाळ्यांचा असा कडकडाट झाला की गुणवंतरावांना वाटलं, आपण उगाच क्वालिटी इन्स्पेक्टर झालो. मग ते इंग्रजीवर आले. पण माणूस रंगात आला की त्याची मूळची सवय वर येते. पंचवीस वर्षं मंडळात भाषणं केलेली जीभ ती.

"आज मला इथे बोलावलं," ते लिगायाकडे हात करत म्हणाले, "ते आमच्या लिगायाताईंनी."

पहिल्या दोन रांगांतली मुलं खुसखुसली. गुणवंतरावांना बरं वाटलं. सभा जिवंत आहे, हे त्याचंच लक्षण.

"असो," ते म्हणाले.

आता मुलं मोठ्याने हसली. त्यांच्या मागे काही आयाही रुमाल तोंडाला लावून खाली बघू लागल्या. रोडेलने हाताने काहीतरी खूण केली. गुणवंतरावांना ती "चालू द्या" अशी वाटली.

"तुम्हाला हा शब्द नवीन असेल," ते प्रेमाने म्हणाले. "आमच्या भाषेत ताई हा फार आदराचा शब्द आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात एक तरी ताई असते."

हॉल फुटला. मागच्या रांगेतला एक जाडसर गृहस्थ खुर्चीसकट मागे गेला.

"मी लहान असताना," गुणवंतराव आवाज चढवून म्हणाले, कारण आता ऐकू जाणं कठीण झालं होतं, "माझ्या ताईने मला स्वतःच्या हाताने भरवलं. आज मी जो काही आहे तो ताईमुळे आहे. असो."

मुख्याध्यापिकाबाई पाण्याचा ग्लास उचलून पुन्हा ठेवत होत्या. लिगायाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. गुणवंतरावांना वाटलं, बिचारी गहिवरली. विभावरीताई मात्र नवऱ्याचा चेहरा सोडून लोकांचे चेहरे बघत होत्या, आणि त्यांना कळून चुकलं होतं की हे काही साधं हसणं नाही.

हसणं ओसरलं. लोक डोळे पुसू लागले. त्या शांततेत तिसऱ्या रांगेतून एका मुलीचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "ममा, व्हाय इज एव्हरीबडी लाफिंग?"

तिची आई अजून डोळेच पुसत होती.

"ममा, टेल मी. व्हॉट डिड ही से?"

आणखी एकदोन ठिकाणी मुलं आईवडिलांच्या बाह्या ओढत तेच विचारत होती. सगळी इथेच जन्मलेली. बाकीचा हॉल हसून लालबुंद झाला होता आणि ही मुलं मधल्यामध्ये पाहुण्यांसारखी बसली होती.

तिसऱ्या रांगेतली आई उभी राहिली. लिगायाने बघताक्षणी ओळखलं, ही तीच नर्स. बाईने मुलीच्या हातातून आपली बाही सोडवून घेतली. मग म्हणाली, "मी कॉम्प्युटरच्या बाजूने बोलायला आले होते. पण आत्ता माझ्या मुलीला मी हा विनोद इंग्रजीत सांगून बघितला, मनातल्या मनात. त्यात हसण्यासारखं काही उरतच नाही." तिने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "माझी आई गावाला असते. ती फोनवर असंच काहीबाही बोलून हसवते. हिला त्यातलं एक अक्षर कळत नाही. माझं मत बदललं."

ती बसली. मुख्याध्यापिकेने फिलिपिनोच्या बाजूने कोण, असं विचारलं तेव्हा हात एकेक करत वर जाऊ लागले. चाळीस, साठ, शंभर. कॉम्प्युटरच्या बाजूने अकरा. फिलिपिनोचे तास राहिले. लिगायाही राहिली.

गुणवंतराव स्टेजवरून उतरले ते विजयी वीरासारखे. "बघितलंस? ताई शब्दाने माणसं हलली," ते विभावरीताईंना म्हणाले.

"आधी त्या शब्दाचा अर्थ विचारा," विभावरीताई म्हणाल्या.

लिगायाने सांगायला तीनदा सुरुवात केली आणि तीनदा तिला हसू आलं. शेवटी रोडेलने गुणवंतरावांना बाजूला घेतलं. "सर, आमच्याकडे आसो म्हणजे कुत्रा."

"बरं. आणि ताई?"

"ताए म्हणजे," रोडेल इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "जे कुत्रा फुटपाथवर करून जातो ते."

गुणवंतरावांनी मनातल्या मनात आपलं भाषण पहिल्यापासून पुन्हा ऐकलं. प्रत्येक घरात एक तरी असते, इथपर्यंत ते कसेबसे पोचले. स्वतःच्या हाताने भरवलं, इथे त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. लिगायाने पाणी आणून दिलं. "सर," ती म्हणाली, "सहा वर्षं मी पालकांना समजावतेय की मुलांना भाषा का शिकवायची. तुम्ही पाच मिनिटांत दाखवून दिलंत. मला खुशाल ताई म्हणा."

"नको," गुणवंतराव घाईघाईने म्हणाले. "मॅडम ठीक आहे."

परत येताना गाडी मुख्य रस्त्याला लागली. मग मागच्या सीटवरून मैथिलीने विचारलं, "बाबा, बट व्हॉट डज असो मीन इन मराठी?"

गुणवंतरावांनी तोंड उघडलं. एनीवे, नाही. लेट इट बी, तेही नाही. सो बी इट, छे. हमदान स्ट्रीटचे तीन सिग्नल गेले तरी अर्थ सापडेना. शेवटी विभावरीताई म्हणाल्या, "असो म्हणजे, तुझे बाबा आता थांबतो म्हणतात, पण थांबत नाहीत."

मैथिली खळखळून हसली. पूर्ण मराठी वाक्यावर, इंग्रजी न विचारता. गुणवंतरावांनी आरशातून तिच्याकडे बघितलं आणि त्यांना त्या तिसऱ्या रांगेतल्या मुलीची आठवण आली. घरी पोचल्यावर त्यांनी मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला आणि दर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी मुलांसाठी मराठीचा वर्ग आपल्याच घरच्या हॉलमध्ये सुरू करतो, म्हणून सांगून टाकलं.

पहिल्या शुक्रवारी सात मुलं आली. मैथिली धरून. आणि वही, पेन्सिल, खोडरबर घेऊन रोडेलही आला. वर्कशॉपमधली रत्नागिरीची पोरं आपल्यामागे मराठीत काय बोलतात, ते त्याला समजून घ्यायचं होतं.

दोन महिन्यांनी गुणवंतरावांनी बाराखडीची परीक्षा घेतली. पहिला नंबर कोणाचा आला, ते त्यांनी मंडळाच्या अहवालात लिहिलेलं नाही. मैथिली दुसरी आली, एवढंच ते सगळ्यांना सांगतात.