मधल्या तिथीचा वाढदिवस

“नवमीला करून टाकू दोघांचेही,” यज्ञेश्वरपंत म्हणाले आणि प्रश्न मिटला असे समजून तक्क्याला टेकले.

प्रश्न वाढदिवसांचा होता. थोरली प्रभा मार्गशीर्ष वद्य अष्टमीची आणि धाकटा गंगाधर दशमीचा. म्हणजे दोनदा भल्या पहाटे पाणी तापवायचे, दोनदा पूजा मांडायची आणि दोनदा हेडक्लार्कपुढे उभे राहून उशिरा येण्याची परवानगी मागायची. पंत सोलापुरातल्या एका गिरणीत कारकून होते. हेडक्लार्कपुढे उभे राहण्यापेक्षा त्यांनी स्वतःचा वाढदिवस जन्मभरासाठी सोडून दिला असता.

“पण नवमीला वाढदिवस कुणाचा?” प्रभाने विचारले.

“दोघांचा.”

“माझा अष्टमीला, गंग्याचा दशमीला. मग नवमीला कुणाचा?”

“जा, पाढे म्हण,” पंत म्हणाले. उत्तर नसले की ते पोरीला पाढे म्हणायला लावत. त्यामुळे प्रभाचे पाढे फार चांगले होते.

गोदावरीबाईंना मात्र हे मुळीच पटले नव्हते. भाद्रपदात गंग्या तापाने असा फणफणला होता की डॉक्टरांनी हात टेकले होते. तो उठला, पण अजून पोरगे नुसते काडी होते. त्याचा हा वाढदिवस यथासांग व्हावा, त्याला भरपूर आयुष्य मागून घ्यावे, यापलीकडे त्या माउलीला काही नको होते.

“अहो, एकाच पूजेत दोघांना आयुष्य मागायचं म्हणजे त्याची वाटणी नाही का व्हायची?”

“देव काय गवळी आहे, मापानं घालायला?” पंत म्हणाले.

नवमी उजाडली. त्यांच्या घरी वाढदिवसाला तांदळाच्या पुंजक्यांवर सुपाऱ्या मांडत. एक मार्कंडेयाची आणि सात चिरंजीवांची. ज्यांना मरण नाही अशा मंडळींना बोलवायचे, पोराला त्यांच्यासारखे आयुष्य मागायचे, तीळगूळ घातलेले दूध पोराला पाजायचे आणि शेवटी अक्षता टाकून पाहुण्यांना निरोप द्यायचा. हा शेवटचा निरोप म्हणजे विसर्जन. पंतांनी मंत्र भराभर उरकले, एकाच वाटीतले दूध दोघांना पाजले, आणि ते अक्षता हातात घेतात तोच गिरणीचा भोंगा झाला.

“विसर्जन संध्याकाळी,” ते धोतर सावरत म्हणाले.

“अहो, बोलावलेले देव दिवसभर तसेच?”

“बसतील की. त्यांना कुठं घाई आहे? मरायचं तर नाहीच त्यांना.”

जाता जाता त्यांना सुपारीची तलफ आली. पानाचा डबा होता माजघरात आणि पंतांच्या पायात वहाणा होत्या. वहाणा काढा, आत जा, डबा शोधा, पुन्हा वहाणा घाला. पंतांनी इकडेतिकडे पाहिले, पाटाकडे हात लांबवला, हाताला आली ती सुपारी उचलली, कुंकू पुसले आणि तोंडात टाकली. दुपारपर्यंत ती पुरली. सुपारी मोठी कडक होती.

घरात दिवसभर गोदावरीबाईंचे कामात लक्ष लागेना. बाहेरच्या खोलीत कोणी बसले आहे असे त्यांना सारखे वाटे. केर काढायला गेल्या तर पाटापाशी त्यांचा हात आपोआप हळू झाला. मुलेही तिथे खेळेनात. गंग्या उंबऱ्यातूनच पाटाकडे बघत राही, आणि विचारले तर म्हणे, “ते बसलेत ना.” उरलेल्या दुधाची वाटी तशीच ठेवली होती, ती दुपारी रिकामी दिसली. मांजर प्यायले असेल. पण मांजर तर सकाळपासून माळ्यावरून खाली उतरले नव्हते.

दिवेलागणीला पंत घरी आले. त्याच वेळी शेजारच्या म्हाळसाबाई तीळगूळ मागायच्या निमित्ताने येऊन माजघराच्या पायरीवर बसल्या होत्या. भिववण्यात या बाईंचा हात धरणारे पेठेत कोणी नव्हते. कंदील वर करून त्यांनी पाटाकडे पाहिले.

“गोदाबाई, सुपाऱ्या किती मांडल्या हुत्या?”

“आठ.”

“ह्या तर सातच हायेत की.”

गोदावरीबाईंनी मोजल्या. दाराकडच्या कडेचा पुंजका रिकामा होता. मंत्रात पहिले नाव असते, त्याचा तो पुंजका. अश्वत्थाम्याचा.

“मग त्यो उटून गेला की,” म्हाळसाबाई शांतपणे म्हणाल्या. “बोलावलं, पर घालवलं न्हाय. घरधनी भाईर गेला, त्योबी गेला. आता यील परत. कपाळाची जखम भरत न्हाय त्येची, तेल मागत हिंडतोय जलमभर.”

“काहीतरीच काय,” गोदावरीबाई म्हणाल्या, पण त्यांनी गंग्याला पोटाशी ओढून घेतले.

घरात सुपारीचे खरे काय झाले ते एकट्या पंतांना ठाऊक होते, म्हणून खरे तर घाबरण्याचे कारण एकट्या त्यांनाच नव्हते. पण झाले उलटेच. तो उठून गेला असता तर बरे होते. आपण त्याला चावून चावून गिरणीच्या अंगणात थुंकून टाकले आहे, ही गोष्ट पंतांना आता कंदिलाच्या उजेडात फार निराळी वाटू लागली.

तेवढ्यात दाराची कडी वाजली.

“कोण आहे?” पंतांनी विचारले. आवाज त्यांचा होता, पण नेहमीपेक्षा बारीक होता.

“माई, वाईच तेल मिळंल का?”

म्हाळसाबाई पायरीवरून उठल्या त्या मागच्या दाराने सरळ आपल्या घरी गेल्या. तीळगूळही न्यायचा राहिला.

दार उघडायला पंत पुढे होईनात. शेवटी गोदावरीबाईंनीच उघडले. बाहेर एक उंच माणूस उभा होता, इतका की चौकटीत तो हनुवटीपर्यंतच दिसत होता. तो वाकला. कपाळाला फडके गुंडाळलेले होते आणि ते मधोमध ओले होते.

“कशाला हवंय तेल?” त्यांनी विचारले.

“कपाळाला. गिरणीत फिटर हाय मी. मागाचा दांडा लागला.”

गिरणी म्हटल्याबरोबर पंतांच्या जिवात जीव आला. “आमच्या गिरणीत? मग मी कसं पाहिलं नाही तुम्हाला?”

“रातपाळीला असतो की, सायेब.”

“असं, असं. कधी लागलं?”

“लई दिस झालं. भरतच न्हाय.”

गोदावरीबाईंनी करडईच्या तेलाचे अख्खे भांडेच त्याच्यापुढे ठेवले. पंतांनीही लगबगीने माजघरात जाऊन डब्यातली सर्वांत मोठी सुपारी आणली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. “ही आपली. म्हणजे, घ्या.”

त्याने सुपारीकडे पाहिले, मग पंतांकडे जरा जास्त वेळ पाहिले. “सुपारी नगं. दात हलत्यात.”

तो वळला, तशी गोदावरीबाईंना एकाएकी धीर आला. फिटर असो की आणखी कोणी असो, दाराशी आलेला मनुष्य आशीर्वाद घेतल्याशिवाय जाऊ द्यायचा नाही, एवढेच त्यांना कळत होते. त्यांनी गंग्याचा दंड धरून त्याला पुढे केले.

“ह्याला आशीर्वाद द्या. फार दुखणं काढलंय पोरानं. तुमच्याएवढं आयुष्य द्या ह्याला.”

गंग्याच्या डोक्याकडे आलेला त्याचा हात मध्येच थांबला, आणि त्याने तो चटका बसल्यासारखा मागे घेतला.

“माज्याएवढं नगं, माई.”

“मग?”

त्याने पोराकडे पाहिले. “म्हातारा हू दे. नातवंडं खेळवू दे. मग जाऊ दे की त्येला.”

तेलाचे भांडे दोन्ही हातांत धरून तो बोळातून निघून गेला. गोदावरीबाई बराच वेळ दारात उभ्या राहिल्या.

“फिटरच होता बिचारा,” पंत म्हणाले. “उगीच त्या म्हाळसाबाईंनी भिववलं.”

“ओळखीचा होता?”

“रातपाळीचे लोक कसे ओळखणार?”

एवढे बोलून ते कंदिलाची वात खाली-वर करू लागले. गिरणीतली रातपाळी चैत्रातच बंद झाली होती. कारकून म्हणून ही गोष्ट त्यांना जितकी ठाऊक होती तितकी हेडक्लार्कलाही नसेल. पण बायकोला सांगायचे म्हणजे आधी सुपारीपासून सुरुवात करावी लागली असती.

दशमीला भल्या पहाटे पंत आपण होऊन उठले. शेजारून तेल मागून आणले, पाणी तापवले, आठ नव्या सुपाऱ्या दोनदा मोजून मांडल्या. हेडक्लार्क काय म्हणेल याची त्यांना पर्वा नव्हती. गंग्या पाटावर बसला, आणि पंतांनी खणखणीत आवाजात पोराला आयुष्य मागायला सुरुवात केली. ‘चिरंजीव’ या शब्दापाशी येताच गोदावरीबाईंनी त्यांचा हात धरला.

“तेवढं म्हणू नका.”

“अगं, त्याशिवाय आशीर्वाद कसा व्हायचा?”

“होऊ दे कसाही,” त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. “शंभर म्हणा. शंभर पुष्कळ झाली.”