पुरातन बंधाऱ्याचं भोक

मुलांनो, बंधाऱ्याचं भोक बुजवायला कोणी सांगितलं?

धाकट्या पाणमांजराने हे साऱ्या जंगलाला विचारलं. कोणी सरळ उत्तर दिलं नाही. तुम्हीही देऊ नका. गप गोष्ट ऐका.

एका जंगलात नदीवर दगडी बंधारा होता. इतका जुना, की 'आमच्या आजोबांनी बांधला' म्हणायला माकडंसुद्धा लाजत. बंधारा पाणी अडवून पाटात सोडी. पाट साऱ्यांच्या शेतांतून जाई. रीत अशी, की पहिलं पाणी शेवटच्या शेताला. ते सशीणमावशीचं होतं.

बंधाऱ्याच्या पायाशी एक भोक होतं. त्यात लाकडी बूच, बुचाला दोरी. गढूळ पाणी आलं, की दोघे पाणमांजर भाऊ बंधाऱ्यावर उभे राहून दोरी ओढत. गाळ भोकातून निघून जाई. पाट मोकळा राही.

"ओढ रे, जेवला नाहीस का?" थोरला ओरडे.

"तूच नुसता लोंबकळतोयस!" धाकटा म्हणे.

एकदा गवा महाराजांना कळलं, की बंधारा पुरातन आहे. लगेच सोहळा ठरला. सकाळी पाहतात तर बूच गायब, दोरी काठावर फेकलेली, भोक चुन्याने बुजवलेलं. वर झेंडूची माळ!

"हे कोणी सांगितलं?" धाकट्याने विचारलं.

"खालून मागणी होती," महाराज म्हणाले.

"वरून हुकूम होता," कोल्हा म्हणाला.

पुढच्या पुरात गाळ थेट पाटात शिरला. पाट तुंबला. सशीणमावशीची पिल्लं वाळकी पानं चघळू लागली.

"समिती नेमलीय," कोल्हा म्हणाला.

"बसू दे तिला. मी आलोच," असं म्हणून थोरल्याने बुडी मारली.

त्याने चुना फोडला. भोक उघडलं. गाळ सुटला, आणि गाळाबरोबर थोरलाही गेला.

धाकटा दोन्ही काठांनी हाका मारत फिरला. "दादा, पुरे झाली चेष्टा! निघ बाहेर!"

जंगल फार हळहळलं. थोरल्याचा दगडी पुतळा घडवला.

"बसवायचा कुठे?" महाराजांनी विचारलं.

"भोकातच!" मागून कोणीतरी म्हणालं. "स्मारकही होईल, भोकही बुजेल."

टाळ्या पडल्या. पुतळा भोकात चुन्याने बसवला. तेवढ्यात नदीला पुन्हा गढूळ पाणी आलं.

तात्पर्य: जो आपल्यासाठी जीव देतो, त्याला चुन्यात पक्का बसवावा आणि मग कोणी हात लावू नये.

धाकट्याला तात्पर्य कळलं नाही. चुना अजून ओला होता. त्याने जुनी दोरी दादाच्या दगडी कमरेला बांधली आणि तो बंधाऱ्यावर उभा राहिला. "ओढ रे, जेवला नाहीस का?" असं स्वतःवरच ओरडला, आणि एकट्याने ओढली.